इराणमध्ये बाई राष्ट्राध्यक्ष होऊ शकते का? आझम तालेगानींनी वीस वर्षं लावून धरलेला प्रश्न

मे 2024 मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि घाईघाईने नवी निवडणूक जाहीर झाली. 80 जणांनी अर्ज भरले, त्यात चार महिला होत्या. छाननीनंतर सहा नावं उरली आणि ती सहाही पुरुषांची होती. यात नवीन काही नव्हतं. 2013 मध्ये 686 अर्जांत 30 महिलांचे होते, 2017 मध्ये 1636 अर्जांत 137 आणि 2021 मध्ये 592 अर्जांत 40. यांतली एकही महिला अंतिम यादीपर्यंत पोचली नाही.

अशी बातमी वाचली की आपण सहसा समजून चालतो की तिथे बायकांना बंदीच असणार. प्रत्यक्षात तशी लेखी बंदी नाही, आणि हा विषय समजायला अवघड जातो तो त्यामुळेच. इराणमध्ये महिला मतदान करतात, संसदेवर निवडून जातात, मंत्री आणि उपराष्ट्राध्यक्षही होतात. "स्त्रीला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही" असं वाक्य त्यांच्या राज्यघटनेत कुठेही नाही. तरीही 1979 च्या क्रांतीपासून, म्हणजे इराणच्या राजाला, शहाला, हटवून धर्मगुरूंची सत्ता आली तेव्हापासून, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर एकाही महिलेचं नाव आलेलं नाही.

हे कोडं सर्वांत चिकाटीने जगासमोर मांडलं ते आझम तालेगानी या बाईंनी. त्या शहाच्या तुरुंगात राहिल्या, क्रांतीनंतरच्या पहिल्या संसदेत खासदार झाल्या, त्यांनी स्त्रियांचं नियतकालिक चालवलं आणि वयाच्या सत्तरीतही राष्ट्राध्यक्षपदाचा अर्ज भरायला गेल्या. त्यांचं आयुष्य पाहिलं की इराणमधली ही व्यवस्था कशी चालते ते बरंच उलगडतं.

आधी इराणचा कारभार कसा चालतो ते पाहू

इराणमध्ये सर्वांत वर असतो तो सर्वोच्च नेता. सैन्य, न्यायव्यवस्था आणि परराष्ट्र धोरण यांबाबतचा शेवटचा शब्द त्याचा. लोक थेट मतदान करून निवडतात तो राष्ट्राध्यक्ष. 1989 मध्ये पंतप्रधानपद रद्द झालं, तेव्हापासून सरकारचा प्रमुख तोच. कायदे करणाऱ्या संसदेला मजलिस म्हणतात.

या सगळ्यांच्या मध्ये गार्डियन कौन्सिल बसलेली आहे. तिचे सदस्य 12. सहा धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च नेता नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित असतात. न्यायव्यवस्थेचा प्रमुख त्यांची नावं सुचवतो आणि मजलिस त्यांतून निवड करते. मजलिसने केलेला प्रत्येक कायदा ही कौन्सिल तपासते, घटनेच्या कलमांचा अर्थ ती लावते आणि निवडणुकीला कोण उभं राहू शकतं हेही तीच ठरवते.

छाननी आपल्याकडेही होते. पण भारतात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला, तर त्याला कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. शिवाय तपासायच्या गोष्टी मोजक्याच असतात: वय, नागरिकत्व, अनामत, सह्या. इराणमध्ये उमेदवार धर्मनिष्ठ आहे का, राज्यपद्धतीवर त्याचा विश्वास आहे का, हेही पाहिलं जातं. 1997 मध्ये 238 जणांनी अर्ज भरले आणि चौघांना परवानगी मिळाली. उरलेल्या 234 जणांना आपण कुठे कमी पडलो याचं जाहीर उत्तर मिळालं नाही.

भांडण नेमकं कोणत्या कलमावरून आहे?

इराणच्या घटनेच्या 115 व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष "रेजाल-ए-मजहबी व सियासी" यांच्यामधून निवडला पाहिजे. मजहबी म्हणजे धार्मिक आणि सियासी म्हणजे राजकीय, हे शब्द आपल्याला कळतात. सगळा वाद "रेजाल" या शब्दावर आहे. अरबीत "रजुल" म्हणजे पुरुष आणि "रेजाल" हे त्याचं अनेकवचन. फारसीत मात्र राजकारणातली बडी, नामांकित मंडळी अशा अर्थानेही हा शब्द रुळलेला आहे. पहिला अर्थ धरला तर बाई बाद होते. दुसरा धरला तर तिला अडवायला काही कारण उरत नाही.

हा शब्द घटनेत चुकून आलेला नाही. 1979 मध्ये घटना लिहायला जी सभा बसली, तिच्या सत्तरहून थोड्या अधिक सदस्यांत एकच महिला होती, मुनीरे गोर्जी. राष्ट्राध्यक्ष पुरुषच असला पाहिजे असं थेट लिहायचा प्रस्ताव त्या सभेत आला, पण त्याला पुरेशी मतं मिळाली नाहीत. मग दोन्ही बाजूंना चालेल असा हा शब्द पुढे आला. ज्यांना पुरुष हवा होता त्यांनी त्यात पुरुष वाचला आणि ज्यांना दार उघडं हवं होतं त्यांनी दार उघडं आहे असं मानलं. निर्णय पुढच्या पिढीवर ढकलला गेला.

आपल्या घटनेतही याच्या जवळची गोष्ट आहे. राष्ट्रपतीची पात्रता सांगणाऱ्या 58 व्या कलमाच्या इंग्रजी पाठात "ही", म्हणजे "तो", असंच सर्वनाम आहे. पण 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि घटनेचा अर्थ लावतानाही तो कायदा लागू होतो. म्हणून 2007 मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्या पदाला काय म्हणायचं यावर चर्चा झाली, त्या पात्र आहेत की नाहीत यावर झाली नाही. इराणमध्ये अर्थ लावण्याचा अधिकार गार्डियन कौन्सिलकडे आहे आणि एवढ्या वर्षांत तिने या शब्दाचा स्त्रियांच्या बाजूने किंवा विरुद्ध असा बंधनकारक निवाडा दिलेला नाही.

या आझम तालेगानी कोण?

जन्म 1943 चा, तेहरानमधला. वडील आयातोल्ला महमूद तालेगानी हे इराणमधलं फार मोठं नाव. शहाच्या विरोधात अनेकदा तुरुंगात गेलेले, डाव्यांपासून धार्मिकांपर्यंत सगळ्यांना आपले वाटणारे धर्मगुरू. 1975 मध्ये आझमबाईंनाही अटक झाली आणि जन्मठेप सुनावली गेली. सुमारे दोन वर्षांनी त्या सुटल्या. मोठ्या बापाची लेक म्हणून त्या राजकारणात आल्या असं म्हणता येईल, पण तुरुंगवास त्यांनी स्वतः भोगला होता.

क्रांती झाली आणि काही आठवड्यांतच स्त्रियांच्या वाट्याला काय येणार ते दिसू लागलं. शहाच्या काळात घटस्फोट आणि बहुपत्नीत्वावर काही बंधनं घालणारा कुटुंब संरक्षण कायदा होता. तो फेब्रुवारी 1979 मध्येच गुंडाळला गेला. महिला न्यायाधीशांना खुर्चीवरून उतरवलं गेलं. पुढे नोबेल मिळालेल्या शिरीन एबादी त्यांच्यापैकीच. मार्चमध्ये सरकारी कचेऱ्यांत हिजाब घालूनच यावं असं क्रांतीचे नेते खोमेनी यांचं वक्तव्य आलं आणि 8 मार्चला, महिलादिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. तेव्हा हिजाबची सक्ती नाही असं जाहीरपणे सांगणारे धर्मगुरू होते आझमबाईंचे वडील. त्यांच्या बोलण्याने सरकारने तेवढ्यापुरतं पाऊल मागे घेतलं. सप्टेंबर 1979 मध्ये, घटना पूर्ण होण्याआधीच, ते गेले. पुढच्याच वर्षी सरकारी कचेऱ्यांत हिजाब सक्तीचा झाला आणि 1983 मध्ये हिजाबशिवाय बाहेर पडणाऱ्या बाईला 74 फटक्यांची शिक्षा कायद्यात आली.

1980 मध्ये आझमबाई तेहरानमधून पहिल्या मजलिसवर निवडून गेल्या. त्या संपूर्ण संसदेत महिला होत्या मोजून चार. एकच कार्यकाळ त्या खासदार होत्या. खरं काम त्यांनी बाहेर राहून केलं. "पयाम-ए-हाजर" नावाचं नियतकालिक त्यांनी चालवलं. हाजर ही हजरत इब्राहिमांची पत्नी. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावली आणि हजला जाणारे यात्रेकरू आजही तिच्या त्या धावण्याची आठवण म्हणून सात फेऱ्या घालतात. आपल्या नियतकालिकाला हे नाव देण्यामागे आझमबाईंचा विचार होता: धर्माच्या गाभ्यात एक बाई आहे, मग धर्माच्या नावाने बाईला बाहेर का ठेवायचं?

"पयाम-ए-हाजर"ने कुराणातल्या वचनांचा स्त्रियांच्या बाजूने नव्याने अर्थ लावायला सुरुवात केली. चार लग्नांची मुभा ज्या वचनावरून सांगितली जाते, ते मुळात अनाथांच्या सांभाळाच्या संदर्भात आहे आणि त्यातून पुरुषाला सरसकट हक्क मिळत नाही, अशी मांडणी त्यात आली. एका आयातोल्लाच्या लेकीने हे छापणं सत्ताधाऱ्यांना जड गेलं. 2000 मध्ये सुधारणावादी वर्तमानपत्रांवर जी कुऱ्हाड कोसळली, त्यात हे नियतकालिकही बंद झालं.

1997 मध्ये त्यांनी काय केलं?

राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला. त्या एकट्या नव्हत्या, आणखीही काही महिलांनी भरला होता. पण आझमबाईंचा हेतू निवडून येण्याचा नव्हता हे त्या उघड सांगत. त्यांना "रेजाल"चा अर्थ लावून घ्यायचा होता. मोठमोठ्या धर्मशास्त्रज्ञांकडे त्यांनी मत विचारलं. कौन्सिलने होय म्हटलं तर बायकांसाठी दार उघडेल. नाही म्हटलं आणि कारण दिलं, तर निदान ते कारण चव्हाट्यावर येईल आणि त्यावर वाद घालता येईल.

कौन्सिलने दोन्ही टाळलं. अर्ज फेटाळला गेला आणि कारण सांगितलं गेलं नाही.

त्यानंतरही त्या गृहमंत्रालयात अर्ज घेऊन जात राहिल्या. शेवटचा अर्ज 2017 चा. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं आणि वॉकरच्या आधाराने पावलं टाकत त्या आल्या होत्या. तो फोटो इराणभर फिरला. वार्ताहरांना त्यांनी याही वेळी तेच सांगितलं: या रेजालचा एकदा निकाल लागू दे. 30 ऑक्टोबर 2019 रोजी त्या गेल्या. निकाल लागला नव्हता.

बंदी नाही, मग नेमकी अडचण कुठे आहे?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. समजा, एखाद्या कचेरीने नोकरीची जाहिरात दिली. "फक्त पुरुषांसाठी" असं त्यात लिहिलेलं नाही. बायका अर्ज करतात. दर वेळी प्रत्येकीचा अर्ज परत येतो आणि पत्रात एवढंच असतं की आपली निवड झालेली नाही. आता दाद कुठे मागायची? जाहिरातीत बंदी असती तर त्या अटीला आव्हान देता आलं असतं. पत्रात कारण असतं तर ते खोटं आहे असं सिद्ध करता आलं असतं. दोन्ही नसल्यामुळे भांडायला काही हातालाच लागत नाही.

गार्डियन कौन्सिलचं मौन असंच काम करतं. तिचे तेव्हाचे प्रवक्ते अब्बास-अली कदखुदाई यांनी 2009 च्या निवडणुकीआधी आणि पुन्हा 2020 मध्ये सांगितलं की महिलांच्या उमेदवारीला कायद्याची आडकाठी नाही. मधल्या काळात, 2013 मध्ये, त्याच कौन्सिलचे एक सदस्य मोहम्मद यज्दी म्हणाले की कायद्यानुसार बाईला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. एकाच संस्थेकडून दोन उलटी विधानं आली आणि निकाल मात्र दर वेळी तोच लागला. 2016 मध्ये सर्वोच्च नेत्याने निवडणुकीची धोरणं जाहीर करताना या पात्रतेचे निकष स्पष्ट करा असं कौन्सिलला सांगितलं. 2021 मध्ये कौन्सिलने निकष जाहीर केले: वय 40 ते 75, पदव्युत्तर किंवा समकक्ष शिक्षण, प्रशासनाचा अनुभव, गुन्ह्याची नोंद नको. एवढं बारकाईने लिहिलं, पण उमेदवार स्त्री चालेल का, यावर त्यात एक ओळ नाही. इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारूनही हा प्रश्न नजरचुकीने राहिला असेल, हे मला पटत नाही.

जगापुढे सांगायला बंदी नाही आणि घरात राबवायला बंदी आहे, अशी ही दुहेरी सोय आहे. आझमबाईंना हे पुरतं कळलं होतं, म्हणून त्या अर्थ लावा, लेखी द्या, एवढंच मागत राहिल्या.

"पण हा तर धर्माचा प्रश्न आहे ना?"

धर्मशास्त्रज्ञांतच यावर एकमत नाही. कुम या धर्मशिक्षणाच्या शहरातले आयातोल्ला युसुफ सानेई यांचं मत होतं की बाई राष्ट्राध्यक्षच काय, सर्वोच्च पदही भूषवू शकते. इराणच्या शेजारी पाकिस्तानात बेनझीर भुत्तो 1988 मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या. बांगलादेशात खालिदा झिया आणि शेख हसीना यांनी वर्षानुवर्षं देश चालवला. या देशांत स्त्रियांची स्थिती आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण इस्लाममध्ये हे शक्यच नाही, हा दावा टिकत नाही. इराणमधला अडसर सत्तेने निवडलेल्या एका अर्थाचा आहे, आणि तो अर्थ ती सत्ता कागदावर उतरवायला तयार नाही.

"बायका मंत्री होतात, मग या एका पदाचं एवढं काय?"

1997 मध्ये मासूमे एब्तेकार उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि 2009 मध्ये मर्जिये वहीद-दस्तजेर्दी इस्लामी प्रजासत्ताकातल्या पहिल्या महिला मंत्री. ही पदं मिळाली हे चांगलंच झालं. पण ती वरून दिलेली असतात. ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमलं त्यानेच वहीद-दस्तजेर्दींना 2012 मध्ये काढलं. लोकांनी थेट निवडून द्यायचं देशपातळीवरचं कार्यकारी पद एकच आहे आणि तिथे मतदारांपुढे बाईचं नाव येऊच दिलं जात नाही. लोक तिला निवडून देतील की पाडतील, हा प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

"पण त्या तर त्याच व्यवस्थेतल्या होत्या!"

हा आक्षेप इराणी बायकांनीच घेतलेला आहे आणि तो हलका नाही. ज्या मे 1980 मध्ये पहिली मजलिस भरली, त्याच महिन्यात फर्रुखरू पारसा यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. पारसा डॉक्टर होत्या, शिक्षिका होत्या, 1963 मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर निवडून आलेल्या पहिल्या महिला खासदारांपैकी होत्या आणि 1968 मध्ये शिक्षणमंत्री, म्हणजे इराणच्या पहिल्या महिला मंत्री, झाल्या होत्या. नव्या राज्याने पहिल्या महिला मंत्र्याला मृत्युदंड दिला आणि वीसच दिवसांनी त्याच राज्याच्या संसदेत आझमबाई बसल्या. हे बाजूला सारून त्यांची आरती करायची माझी तयारी नाही. क्रांतीच्या सुरुवातीच्या काळात धार्मिक गटातल्या स्त्रियांनी धर्मनिरपेक्ष स्त्रियांची साथ फारशी दिली नाही आणि त्याची किंमत पुढे सगळ्याच बायकांनी मोजली.

पण त्यांचा हिशेब तिथेच मिटवणंही चूक ठरेल. खासदारकी संपल्यावर त्या सत्तेच्या जवळ सरकल्या नाहीत, उलट लांब गेल्या. 2003 मध्ये इराणी-कॅनेडियन छायाचित्रकार झहरा काझमी तेहरानमधल्या एविन तुरुंगाबाहेर फोटो काढताना पकडल्या गेल्या आणि कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा आझमबाई एकट्या जाऊन एविनसमोर धरणं धरून बसल्या. तालेगानी हे आडनाव आपल्याला थोडं कवच देतं हे त्यांना ठाऊक होतं आणि जिथे दुसऱ्या बाईला बोलता आलं नसतं तिथे त्यांनी ते वापरलं. मोठ्या घरात जन्मलेले बरेच लोक ते कवच फक्त स्वतःला वाचवायला वापरतात.

"आजच्या मुलींना हे हवंय तरी का?"

सप्टेंबर 2022 मध्ये हिजाब नीट नसल्याच्या कारणावरून पकडलेल्या 22 वर्षांच्या महसा अमिनीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि "स्त्री, जीवन, स्वातंत्र्य" ही घोषणा देत इराणमधल्या मुली रस्त्यावर आल्या. त्यांतल्या अनेकींना या व्यवस्थेत एखादं पद मिळवण्यात रस नाही, त्यांना ही व्यवस्थाच नको आहे. बाई राष्ट्राध्यक्ष झाली म्हणून हिजाबची सक्ती आपोआप जाणार नाही, हेही खरंच. 2024 मध्ये अर्ज भरलेल्या झोहरे एलाहियान या कट्टर परंपरावादी खासदार राहिलेल्या, हिजाबच्या कायद्याच्या बाजूच्या. त्या निवडून आल्या असत्या तर या मुलींच्या हाती काय लागलं असतं?

तरी त्यांचाही अर्ज फेटाळला गेला, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. सुधारणावादी बाई चालत नाही आणि राज्यपद्धतीशी एकनिष्ठ बाईही चालत नाही. मग विचारसरणी हे कारण कसं मानायचं? 1997 मध्ये आझमबाईंना जे दाखवून द्यायचं होतं, ते एवढ्या वर्षांनी एका अगदी विरुद्ध मताच्या बाईच्या अर्जाने पुन्हा दिसलं.

हे बदलायचं तर काय लागेल?

घटनादुरुस्ती लागत नाही. त्यासाठी सार्वमत लागतं आणि ती वाट फार लांबची आहे. पण घटनेच्या 98 व्या कलमानुसार गार्डियन कौन्सिलच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी मान्य केलं की एखाद्या कलमाचा अर्थ पक्का होतो. म्हणजे 12 पैकी नऊ सदस्यांनी "रेजाल"मध्ये स्त्रियाही येतात असं ठरवलं, तर पुढच्या निवडणुकीत महिलांचा अर्ज केवळ त्या महिला आहेत म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. त्यानंतरही इतर कारणं पुढे करून त्यांना बाद करता येईल, पण तेव्हा पुरुषांना लावलेली फूटपट्टीच त्यांनाही लावावी लागेल. आझम तालेगानी वीस वर्षं मागत होत्या तो हाच नऊ सह्यांचा कागद. कौन्सिलने तो आजवर दिलेला नाही.